फाटक उघडणारीची उंची

नॉर्डाल गावाहून टोलेफसनांच्या गोठ्यापर्यंत येणारा रस्ता त्या हिवाळ्यात सरकारदरबारी मरण पावला. मूठमाती देण्याची गरज पडली नाही. माती तिथे मुबलक होती.

मृत्यूचा दाखला म्हणजे जिल्ह्याच्या रस्ते-खात्याचा अहवाल. रस्त्यावरून किती गाड्या जातात हे मोजण्यासाठी खात्याने एक रबरी नळी आडवी टाकली होती, आणि तीही आदल्या वर्षी, नेमकी बर्फ वितळण्याच्या आठवड्यात. त्या आठवड्यात पूर्व मोंटानातली ती काळी चिकट माती, जिला तिथले लोक गंबो म्हणतात, गाडीला धरते ती सोडत नाही. नळीवरून अर्थातच कोणी गेले नाही. गाड्या जात नाहीत म्हणून रस्ता वापरात नाही; वापरात नाही म्हणून त्यावर यंत्र फिरवायचे कारण नाही; आणि यंत्र फिरत नाही म्हणून गाड्या जात नाहीत. नैयायिक ज्याला चक्रक म्हणून दोषांत जमा करतात, त्याला खात्याने 'निष्कर्ष' असे नाव दिले आणि खाली सही केली.

सही करणाऱ्यांच्या कचेरीपुढे डांबर होते.

मार्चच्या शेवटी, गाई विण्याच्या ऐन दिवसांत, लव्होन टोलेफसन त्या निष्कर्षावर बसून होती. म्हणजे पिकअपमध्ये, नवऱ्याच्या बाजूला. मागे हौद्यात पेंडीची पोती होती, पुढे टेकाडाखालचा सखल भाग होता आणि खाली गाडीचे पोट दोन चरांमधल्या उंचवट्यावर टेकले होते. चारही चाके जागच्या जागी फिरत होती.

"मागं घेऊ नको," लव्होन म्हणाली.

"मी कुठं घेतोय? तीच जातेय."

"ती कुठंच जात नाहीये, अर्लन."

अर्लनने इंजिन बंद केले. टोपी काढली, आत पाहिले, जणू तिथे काही लिहून ठेवले असावे, आणि पुन्हा घातली. चाळीसेक वर्षांच्या संसारात लव्होनला हे ठाऊक होते की टोपीत पाहून झाल्याशिवाय तो फावड्याला हात लावत नाही.

फावडे एकच होते. तो चाकांपुढची माती काढू लागला. ती अंगाने लहान म्हणून गाडीखाली शिरली. मागच्या आसाच्या मधोमध दातेरी चाकांचा जो लोखंडी गोळा असतो, तो मातीत रुतला होता. कॉफीच्या रिकाम्या डब्याने ती भोवतालची माती खरवडू लागली. गंबो डब्याला चिकटे, डबा हाताला चिकटे. डाव्या कुशीवर वळताना उजव्या गुडघ्यातून एक कळ मांडीपर्यंत गेली आणि तिने दात आवळले. शरद ऋतूत एका गाईने तिला कठड्याशी दाबले होते, तेव्हापासूनचे हे दुखणे. 'जरा लचकलाय,' एवढेच ती घरात बोलली होती. 'जरा'ला त्या घरात मुदत नसे.

"ठीक आहेस ना खाली?"

"मजेत आहे. चहा पाठव."

बाहेर फावडे थांबले. तो हसत होता, हे तिला त्याच्या बुटांवरून कळले.

त्या मुलुखात एक नियम आहे. तो कायद्यात नाही, धर्मग्रंथात नाही, आणि म्हणूनच पाळला जातो: जो बाजूच्या जागेवर बसतो, तो फाटक उघडतो. मग तो पाहुणा असो, पाद्री असो की नवरदेवाची सासू. पूर्वी या रस्त्यावर फाटके नव्हती. कुंपण जिथे रस्ता ओलांडे तिथे खड्ड्यावर लोखंडी नळ्यांची जाळी असे. गाडी त्यावरून जाई, गुरे बिचकून थांबत. खात्याने लक्ष काढून घेतल्यावर खड्डे मातीने भरले, गुरे ऐटीत पलीकडे जाऊ लागली, आणि ज्याने त्याने आपापल्या हद्दीवर काटेरी तारेचे फाटक ताणून लावले. तारेचे फाटक उघडायचे म्हणजे खांबाला खांद्याने मिठी मारायची, दाबायचे, आणि वरचे कडे सोडवायचे. गाडी पुढे गेली की तेच उलट. मग पुन्हा गाडीत चढायचे, पुढच्या फाटकापर्यंत.

लव्होनला अर्लनने पहिल्यांदा गाडीतून फिरवले तेव्हा त्याच्या बापाच्या कुरणाचे सर्वांत ताठ फाटक तिने एकटीने लावले होते. ती परत येऊन बसल्यावर तो म्हणाला होता, "बरं लावलंस." टोलेफसनांच्या घराण्यात यापलीकडे काव्य गेलेले नाही. पुढचा संसार बव्हंशी गाडीतल्या याच दोन जागांवर झाला. घरात रेडिओ बोले, जेवताना ताट बोले. ही दोघे बोलत ती गाडीत, एका फाटकापासून दुसऱ्यापर्यंत. मुलीचे नाव गाडीत ठरले. त्याच्या बापाला दवाखान्यातून घरी आणायचे की नाही, तेही गाडीतच.

त्या संध्याकाळी अर्लनने स्वयंपाकघराच्या टेबलावर सुट्या भागांचे जाडजूड पुस्तक उघडले. लव्होनने भट्टीत भाजलेल्या बटाट्यांचे भांडे त्याच्याशेजारी ठेवले.

"गाडी उचलून घ्यायची, चाकांवर उंच करून," तो म्हणाला. "दुसरा इलाज नाही. चर मोजून आलोय मी. यंदा एवढे, पुढल्या वर्षी याहून खोल. कोणी येणार नाहीये ते बुजवायला."

"किती उचलायची?"

"अडीच इंची किट आहे, चार इंची आहे, सहा इंची आहे." त्याने पानावर बोट ठेवले. चित्रातली पिकअप एका खडकावर उभी होती. तिच्यात कोणी बसलेले नव्हते आणि कोणी बसू शकेल असे वाटतही नव्हते. "सहा घेतली की मोठे टायर बसतात. एकदाच काय ते करून टाकू. मग आपण मरेपर्यंत बघायला नको."

लव्होनने चित्राकडे पाहिले. दाराचा उंबरठा तिच्या कमरेला लागेल असा होता.

"जरा वेगळंच आहे," ती म्हणाली.

त्या मुलुखात 'वेगळंच आहे' म्हणजे नापसंती, आणि तीही कडक. पण अर्लन पान उलटत होता. तिने उजवा पाय टेबलाखाली हळूच लांब केला. गुडघ्याचे सांगितले असते तर तो लगेच पुस्तक मिटणार, हे तिला पक्के माहीत होते. आणि म्हणूनच तिने सांगितले नाही. कारण तो पुढे म्हणेल, 'मग तू घरीच थांब, मी घेतो सांभाळून.' प्रेमाने म्हणेल. बायका घरात बसवल्या जातात त्या बहुतेक प्रेमानेच.

दुसऱ्या दिवशी चिखल गोठलेला असतानाच ती दोघे नॉर्डालला गेली. मर्व्हच्या दुकानात गुरांची औषधे, पाने, हातमोजे आणि गाड्यांचे भाग एकाच छताखाली मिळत, आणि गल्ल्यापाशी कॉफी फुकट मिळे. ती फुकट का, हे तिच्या चवीवरून कोणालाही कळे. गल्ल्याला टेकून गेल ऑस्टॅड उभा होता. गेल त्यांचा शेजारी. मधे दोन कुरणे, म्हणजे त्या हिशेबाने भिंतीला भिंत. त्याची सहा इंचांनी उचललेली पिकअप बाहेर उभी होती आणि खिडकीतून तिचे फक्त टायर दिसत होते.

"ऐकलं, पेंडीसकट बसलास म्हणे," गेल म्हणाला.

"बसलो नाही. विचार करत थांबलो होतो."

"बायकोला गाडीखाली घालून?"

"ती जास्त चांगला विचार करते."

मर्व्ह हसला आणि त्याने पुठ्ठ्याची दोन खोकी गल्ल्यावर घेतली. "हे बघ अर्लन, एक गोष्ट आधीच सांगतो, मग शिव्या देऊ नको. किटनं आस वर जात नाही. धड वर जातं, आस चाकालाच बांधलेला राहतो. आस वर जातो तो टायर मोठा घातल्यावर. किट नुसती त्या टायरला जागा करून देते."

"म्हणजे एवढं सगळं करून आपणच उंच होणार, आणि घासणारा गोळा तिथंच?" लव्होनने विचारले.

"टायर नाही बदलले तर तसंच," मर्व्ह म्हणाला. "निम्मे गिऱ्हाईक तेवढ्यावरच खूश असतात."

गेलने कॉफीचा घोट घेतला आणि कोणाकडेच पाहिले नाही. लव्होनच्या मनात आले की मनुष्यजातीच्या बऱ्याचशा उन्नतीचे वर्णन या एका वाक्यात बसते: धड वर, आस तिथेच.

"अडीच इंचीमध्ये थोडे मोठे, अरुंद टायर बसतील," मर्व्ह सांगत होता. "मागच्या कमानींच्या पाट्यांत एकेक पाटा जादा, पुढं नव्या स्प्रिंगा. रोजचं काम भागेल. पण तुमच्या त्या टेकाडाखालच्या चिखलात ओल्या आठवड्यात ती बसणार. सहावाली नाही बसणार. खरं ते सांगतो."

"मग सहाच," अर्लन म्हणाला.

"माझी घेऊन जा की आज," गेल म्हणाला. "किल्ली गाडीतच आहे. तुझ्या रस्त्यावर फिरव, मग ठरव. आधी मला घरी सोडा तेवढं."

उचललेल्या गाडीत लव्होन पहिल्यांदा चढली ती मर्व्हच्या दुकानासमोर, तिघा पुरुषांच्या देखत. डावा पाय पायरीवर पोचला. उजव्यावर सगळा भार आला तेव्हा गुडघ्याने सरळ नकार दिला. ती दाराला धरून लोंबकळली. गेलने मागून खांदा लावला आणि तिला वर ढकलले, मेंढीला ट्रकमध्ये ढकलतात तसे, चांगल्या मनाने.

"चढली एकदाची!" तो म्हणाला.

सगळे हसले. तीही हसली. तिच्याशेजारी गेलचा कुत्रा आधीच बसलेला होता. त्याने तिला नाइलाजाने जागा दिली.

गेलच्या अंगणात अर्लन आणि गेल गाडीखाली वाकून काहीतरी पाहू लागले. बर्निस, गेलची बायको, पडवीत शाल पांघरून उभी होती. लव्होन घसरत खाली उतरली आणि तिच्याकडे गेली.

"तू गेल्या वर्षी वासरांना डाग द्यायला आली नाहीस," लव्होन म्हणाली. "तुझ्या हातच्या पावाची सगळ्यांनी आठवण काढली."

"पाव पाठवला होता की."

"पाव आला. तू नाही आलीस."

बर्निसने गाडीकडे पाहिले. "तो बोलावतो गं. अजून बोलावतो. पण चढवून घ्यावं लागतं ना. पहिल्यांदा हसायचो दोघं. मग तो हात द्यायचा. मग एक दिवस त्यानं हात देण्याआधी घड्याळ बघितलं." तिने शाल नीट केली. "मुद्दाम नाही बघितलं. तसा नाही तो. पण मी म्हटलं, आज मला पाव भाजायचेत. तेव्हापासून कुत्रा बसतो तिथं."

लव्होनने बर्निसचा हात दाबला, आणि परत येऊन गाडीत चढली. या वेळी कोणी ढकलायला नव्हते. दार, मूठ, पायरी, कळ. अर्लन आपल्या बाजूने चढत होता, त्याला दिसले नाही.

ऊन वर आले तसा चिखल सुटू लागला. गाडी मात्र चरांवरून अशी चालली की खात्याने पाहिले असते तर रस्ता उत्तम असल्याचा दुसरा अहवाल काढला असता. अर्लनच्या चेहऱ्यावर वासरू धडपणे उभे राहिल्यावर येतो तो भाव होता.

"वरनं कुंपण कसं दिसतं बघ," तो म्हणाला.

"दिसतं."

पहिले फाटक आले. ती उतरली, खांबाला मिठी मारली, कडे सोडवले, गाडी गेली, कडे लावले, चढली. दुसरे आले. उतरताना आता गुडघ्यापेक्षा जमिनीची भीती वाटू लागली होती. ती कुठेतरी फार खाली होती. चढताना तिने मूठ दोन्ही हातांनी धरली आणि श्वास रोखून स्वतःला आत ओढले. अर्लन सांगत होता की सहावाली घेतली तर यंदा पेंड वेळेवर पोचेल, पुढल्या कुरणातल्या गाईंना रोज पाहता येईल. त्याचे सगळे बरोबर होते. ती फक्त हं म्हणत होती, आणि त्याच्याशी बोलायच्या या जागेवर आपल्याला बोलायला दम उरलेला नाही हे तिच्या ध्यानात येत होते.

तिसरे फाटक लावून झाल्यावर ती गाडीकडे गेलीच नाही. दारावरून पुढे चालू लागली.

अर्लनने काच खाली केली. "काय झालं?"

"काही नाही. पाय मोकळे करते. तू ये मागनं."

पुढचे फाटक दूर होते, उताराच्या पलीकडे. तिच्या बुटांना गंबो लागत गेला आणि बूट ताटांएवढे झाले. वारा समोरून होता. मागे इंजिन पहिल्या गियरमध्ये गुरगुरत होते, तिच्या चालीने. ती मान ताठ ठेवून चालली. लंगडत नाही असे चालणे हे लंगडण्याहून अवघड असते, आणि ज्याने आयुष्यभर गुरे पाहिली आहेत त्याला ते लपत नाही.

इंजिनचा आवाज थांबला.

तिने वळून पाहिले. गाडी रस्त्यातच उभी होती. अर्लन उतरला, गाडीपुढून वळसा घालून बाजूच्या दाराशी गेला आणि बाजूच्या जागेवर जाऊन बसला. टोपी काढून त्याने गुडघ्यावर ठेवली. या वेळी तिच्यात पाहिले नाही.

ती परत आली. "हे काय?"

"काही नाही. तू चालव."

"का?"

"मला इथनं कुंपण बघायचंय."

ती चालकाच्या बाजूने चढली. स्टिअरिंगला धरून, एकदाच. गाडी निघाली. फाटक आले आणि दोघेही समोर पाहत राहिले. मग अर्लन उतरला. कमरेच्या सांध्याचे त्याचे दुखणे तिच्या गुडघ्याच्या दुखण्याहून वयाने थोरले होते. त्याने फाटक उघडले, लावले आणि दाराशी आला. पाय उचलला, खाली ठेवला, दुसरा उचलला. आत पडला तेव्हा त्याच्या तोंडून जो शब्द गेला, तो पाद्रीसमोर उच्चारण्यासारखा नव्हता.

पुढच्या फाटकावर त्याला अजून वेळ लागला. त्याच्या पुढच्यावर फाटक लावून झाल्यावर तो गाडीकडे आला, पायरीकडे पाहिले, दाराकडे पाहिले, आणि खिशात हात घालून पुढे चालू लागला.

लव्होनने गाडी पहिल्या गियरमध्ये टाकली. त्याच्या चालीने ती मागोमाग निघाली. त्याची रुंद पाठ, मातीने वाढत जाणारे बूट. तिने काच खाली केली.

"पाय मोकळे करतोयस का?"

"हो," तो वळून न पाहता म्हणाला.

"छान वारा आहे नाही?"

"गप बस, लव्होन."

तिला हसू आवरेना. कपाळ स्टिअरिंगला टेकवून ती हसली आणि हॉर्न वाजला. कुरणातल्या गाईंनी पेंड आली असे समजून माना वर केल्या. अर्लन थांबला. त्याचे खांदे हलत होते.

शेवटी तो चढून बसला तेव्हा बराच वेळ धापा टाकत होता. कपाळ पुसून त्याने विचारले, "गेलच्या कुत्र्याला कोण चढवतं?"

"कुत्रा उडी मारतो."

"आणि बर्निस?"

"बर्निस घरी असते."

परत निघण्याआधी अर्लनने गोठ्यावरच्या पिंपातून टाकी काठोकाठ भरली, कारण उसनी गाडी तशीच परत करायची असते. गेलने विचारले, "कशी वाटली?" अर्लन म्हणाला, "जरा वेगळीच आहे." गेल क्षणभर त्याच्याकडे पाहत राहिला. मग पडवीकडे.

दोन दिवसांनी ती दोघे पुन्हा मर्व्हच्या गल्ल्यापाशी उभी होती. गेलही होता, तो तिथल्या फडताळांइतकाच कायमचा होता.

"अडीच इंची," अर्लन म्हणाला.

मर्व्हने सहा इंचीचे खोके अर्धे काढले होते. "अरे, परवा तर म्हणालास..."

"परवा मी चालकाच्या जागेवरनं बोलत होतो."

"टेकाडाखाली बसशील. सांगून ठेवतो. पुढल्या वर्षी तर नक्कीच."

"बसेन."

"मग काय करशील?"

अर्लनने दुकानात नजर फिरवली. कोपऱ्यात फावडी उभी होती. त्याने तिकडे बोट केले. "ते दे एक. ते नव्हे. आखूड दांड्याचं."

"आखूड? तुझी काय उंची, त्याची काय उंची!" गेल म्हणाला. "पाठ मोडून घेशील."

"माझ्याजवळ लांब आहे एक," अर्लन म्हणाला.

गल्ल्यापाशी कोणी हसले नाही. मर्व्हने फावडे आणून अर्लनला दिले, आणि अर्लनने ते लव्होनच्या हातात दिले. तिने दांडा तळहातात फिरवून पाहिला. तो तिच्या मापाचा होता. तिला काहीतरी म्हणायचे होते, पण त्या घराण्यातले काव्य त्याने केव्हाच संपवून टाकले होते.

"बरं आहे," ती म्हणाली.

पाटे आणि स्प्रिंगा बदलायला दोघांना त्यांच्याच छपराखाली काही दिवस लागले. ती खाली निजून नट धरी, तो वरून पाना ओढी. दोघे एकमेकांना शिव्या देत. टायर अरुंद आणि बेताचे उंच होते. दाराच्या पायरीसाठी अर्लनने जुन्या नांगराची एक पट्टी कापून जोडली, आणि ती कशासाठी हे कोणी विचारले नाही.

रस्त्याच्या त्या निष्कर्षावर शेजाऱ्यांनी मिळून अपील केले होते. खात्याने ते उदार मनाने मान्य केले आणि पुढल्या वर्षी फेरमोजणी लावली. नळी पुन्हा आली. पुन्हा बर्फ वितळण्याच्याच आठवड्यात.

ती दोघे पेंड घेऊन निघाली तेव्हा गाडी चरांवरून बरी चालली. रोजच्या कामापुरती, मर्व्ह म्हणाला होता तशीच. टेकाडाखाली, नळीच्या अलीकडे हाकेच्या अंतरावर, ती रुतली. थोडी डगमगली, थोडी हुंकारली आणि थांबली. खात्याच्या लेखी त्या दिवशीही त्या रस्त्यावर कोणी नव्हते.

"बसलो," अर्लन म्हणाला.

"बसलो."

त्याने टोपी काढून आत पाहिले. लव्होनने मागे हात घालून आखूड फावडे घेतले, दार उघडले आणि पाय खाली सोडला. जमीन जिथे असायला हवी होती, तिथेच होती.